कोयोटांची शिरगणती

तुमच्या वर्गात मुले किती आहेत हे कोणी विचारले तर तुम्ही हजेरीपट उघडून चटकन सांगाल. गावात माणसे किती, हे मोजायला थोडा अधिक वेळ लागेल. पण घरोघर जाऊन नावे लिहून घेतली की तेही जमेल. आता असा विचार करा की, ज्यांना मोजायचे त्यांना घर नाही आणि दारही नाही. दिवसा ते फारसे दिसत नाहीत. माणसाची चाहूल लागली की झुडपात दडतात. आज एका टेकडीवर असतात, तर उद्या तीन कोसांवर. शिवाय सगळे दिसायला सारखेच! त्यांची मोजदाद कशी करायची?

उत्तर अमेरिकेत दर वर्षी पानगळीचे दिवस आले की हा प्रश्न पुष्कळांना पडतो. शिकाऱ्यांना पडतो, मेंढ्या पाळणाऱ्यांना पडतो, आणि वन्यजीव खात्यांतल्या शास्त्रज्ञांना तर पडतोच. ज्याच्यासाठी ही सगळी खटपट चालते तो प्राणी म्हणजे कोयोट.

कोयोट हा कुत्रा, लांडगा आणि आपला कोल्हा यांचा जवळचा भाऊबंद. अंगाने तो साधारणतः ९ ते १८ किलोग्रॅम वजनाचा, म्हणजे आपल्या कोल्ह्याहून थोराड आणि लांडग्याहून किरकोळ. कान उभे व मोठे, तोंड निमुळते, शेपूट झुपकेदार. आणि धावताना ती शेपूट खाली असते. मेक्सिकोतील नाहुआत्ल भाषेतल्या 'कोयोत्ल' या शब्दावरून त्याचे नाव पडले. थॉमस से या प्राणिशास्त्रज्ञाने १८२३ साली त्याला 'कॅनिस लॅट्रान्स' असे शास्त्रीय नाव दिले. त्याचा अर्थ 'भुंकणारा कुत्रा'. नाव मोठे अचूक आहे, कारण कोयोट दिसण्याआधी ऐकू येतो.

खायला त्याला काहीही चालते. उंदीर, ससे, टोळ, मेलेले जनावर, कलिंगड, बोरांसारखी रानफळे, आणि संधी मिळाली तर मेंढीचे कोकरू! या शेवटच्या पदार्थामुळेच माणसाचे आणि त्याचे वैर जडले.

वैर जुने, आकडा मात्र नाही

गोरे वसाहतवाले पश्चिमेकडे सरकले तेव्हा कोयोट मुख्यतः तिकडच्या गवताळ मैदानांत आणि वाळवंटी भागांत राहत असे. वसाहतवाल्यांनी आधी लांडगे मारले. लांडगा हा कोयोटाचा मोठा शत्रू. तो नाहीसा झाला आणि जंगले तोडून शेते झाली, तेव्हा कोयोटाला जणू आमंत्रणच मिळाले. मग कोयोटाची पाळी आली. सापळे लावले गेले, बंदुका चालल्या, मांसात विष घालून ते माळरानावर टाकले गेले. उपद्रवी प्राण्यांच्या नियंत्रणासाठी १९३१ साली अमेरिकेत खास कायदा झाला आणि हे काम सरकारी खर्चाने मोठ्या प्रमाणावर चालू राहिले. इतके करून झाले काय? कोयोट पूर्वेकडे अटलांटिक महासागराच्या काठापर्यंत, उत्तरेकडे अलास्कापर्यंत आणि दक्षिणेकडे पनामापर्यंत पसरला. आज हवाई बेटे सोडली तर अमेरिकेच्या प्रत्येक राज्यात तो आहे.

विषाने कोयोटच मरत असे नाही. गरुड, खोकड, पाळीव कुत्रे असे इतर जीवही बळी पडत. त्याविरुद्ध ओरड झाली, आणि फेब्रुवारी १९७२ मध्ये राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी केंद्र सरकारच्या जमिनींवर अशा विषांच्या वापराला बंदी करणारा हुकूम काढला. (दहा वर्षांनी, १९८२ साली, तो मागे घेण्यात आला.) मेंढपाळ म्हणू लागले, आता कोयोट बेसुमार वाढतील. दुसरी बाजू म्हणे, काही होणार नाही. भांडण रंगले, पण 'वाढले' म्हणजे किती वाढले, हे सांगायला सगळ्या पश्चिम भागाला लागू पडेल असा आकडा हाताशी नव्हता. ज्याची संख्या ठाऊक नाही त्याची संख्या वाढली की घटली, हे ठरवायचे कसे? म्हणून त्याच वर्षी अमेरिकेच्या मत्स्य व वन्यजीव सेवेने पश्चिमेकडील राज्यांत एक मोठी पाहणी सुरू केली. तिची हकिकत पुढे येईलच. त्याआधी कोयोटाचे वर्ष कसे जाते ते पाहू या, कारण मोजणी कोणत्या महिन्यात केली यावर निम्मे उत्तर अवलंबून असते.

कोयोटाचे पंचांग

जानेवारी ते मार्च या काळात नर-मादीची जोडी जमते. सुमारे ६३ दिवसांनी, म्हणजे एप्रिल-मेच्या सुमारास, मादी बिळात विते. एका वेळी सहाच्या आसपास पिले होतात. उन्हाळाभर आईबाप पिलांना चारतात, आणि कधी कधी आदल्या वर्षीची मोठी भावंडेही मदत करतात. सप्टेंबरपर्यंत पिले जवळजवळ आईबापांएवढी होतात, पण अजून कुटुंबाबरोबरच असतात. त्यानंतर थंडी सुरू होता होता पुष्कळशी तरुण पोरे घर सोडून नवी जागा शोधायला बाहेर पडतात. काही दहा-वीस किलोमीटरांवर थांबतात, काही त्याहून कितीतरी लांब जातात.

म्हणजे वर्षात कोयोटांची संख्या सगळ्यांत कमी केव्हा? पिले होण्याच्या अगदी आधी. आणि जास्त? उन्हाळ्यात, पिले जन्मल्यानंतर. तेव्हापासून मरणारे मरत जातात, तरी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्येही ती चांगलीच फुगलेली असते. शिकारीचा हंगाम नेमका याच सुमाराला येतो. अनेक राज्यांत कोयोटाच्या शिकारीला वर्षभर मोकळीक आहे. काही राज्यांत मात्र ठराविक हंगाम आहे. उदाहरणार्थ, न्यूयॉर्क राज्यात तो १ ऑक्टोबरला सुरू होतो व मार्चच्या शेवटच्या रविवारपर्यंत चालतो. मोकळीक असली तरी बरेच शिकारी थंडीतच निघतात, कारण त्या दिवसांत कोयोटाच्या अंगावरची लोकर दाट व मऊ असते आणि कातड्याला भाव येतो. त्यामुळे शिकाऱ्याला ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये रानात हिंडून 'यंदा काय आहे' याचा अंदाज घ्यावा लागतो.

यात शिकाऱ्याचा प्रश्न आणि शास्त्रज्ञाचा प्रश्न वेगळा आहे, हे ध्यानात घ्या. शिकाऱ्याला पाहिजे असते ते एवढेच: कोयोट कुठून येतो, कोणत्या वेळी येतो, कुठे पाणी पितो, कोणत्या कुंपणाच्या फटीतून निघतो. शास्त्रज्ञाला सगळ्या मुलखाचा हिशेब हवा असतो. पण दोघांची पाटी एकच, जमीन!

जमिनीवरचे लेखन

पाऊस पडून गेल्यावर मातीच्या रस्त्यावर सकाळी लवकर गेले की रात्रीची सगळी वर्दळ वाचता येते. कोयोटाच्या पावलाचा ठसा लांबट, सहा-सात सेंटिमीटरांचा असतो. चार बोटे जवळजवळ मिटलेली, आणि पुढे नखांच्या खुणा. पाळीव कुत्र्याचा ठसाही चार बोटांचा व नखांचाच असतो. पण तो अधिक गोल असतो, बोटे फाकलेली असतात. रानमांजराच्या ठशात नखे उमटत नाहीत, कारण मांजरवर्गातले बहुतेक प्राणी चालताना नखे आत ओढून घेतात. एकाच ठशावरून फसायला होते, म्हणून जाणकार माणूस एका ठशाकडे न पाहता सगळी रांग पाहतो. कोयोटाची रांग दोरी धरल्यासारखी सरळ जाते, पुष्कळदा मागचा पाय पुढच्या पायाच्या ठशावरच पडतो. गावातला कुत्रा इकडे हुंगतो, तिकडे वळतो, मधेच धावतो. त्याला जेवण घरी मिळणार असते. कोयोटाला शक्ती वाया घालवून चालत नाही.

दुसरी खूण विष्ठा. कोयोट आपल्या हद्दीवर, वाटांच्या चौकात, रस्त्याच्या मधोमध विष्ठा टाकतो. ती त्याची पाटीच असते म्हणा ना! 'ही जागा आमची' असे तो इतर कोयोटांना कळवतो. उन्हाळ्यात तिच्यात फळांच्या बिया आणि किड्यांची कवचे सापडतात, हिवाळ्यात केस व हाडांचे तुकडे. शास्त्रज्ञ एक ठराविक रस्ता आधी पूर्ण साफ करतात, काही दिवसांनी पुन्हा त्याच रस्त्याने जाऊन नव्या विष्ठा मोजतात, आणि दर किलोमीटरला दर दिवशी किती, असा हिशेब काढतात. (विष्ठेला उघड्या हाताने कधीही स्पर्श करू नये. कुत्र्यांच्या कुळातील प्राण्यांच्या विष्ठेत पट्टकृमींची अंडी असू शकतात आणि ती माणसाला बाधतात.)

तिसरी खूण आवाज. संध्याकाळी व पहाटे कोयोटांचे कुटुंब एकत्र ओरडते. काही शास्त्रज्ञ भोंगा वाजवतात. तो ऐकून कोयोट उत्तर देतात, आणि कोणत्या दिशांनी किती टोळ्या ओरडल्या ते नकाशावर मांडता येते. टोळ्या म्हटले, कोयोट म्हटले नाही; कारण आवाजावरून डोकी मोजणे म्हणजे हमखास फसणे. दोनच कोयोट ओरडू लागले तरी ते स्वर इतके भराभर बदलतात, आणि टेकड्यांवरून प्रतिध्वनी असे येतात, की ऐकणाऱ्याला सात-आठ जनावरे आहेत असे वाटते. खेड्यात राहणाऱ्या वाचकांना हे वेगळे सांगायला नको. आपल्याकडची कोल्हेकुई ऐकून शिवारात कोल्ह्यांचा मेळावा भरला असे वाटते, आणि असतात दोन-तीनच!

अनुभवी शिकारी टेहळणीच्या दिवसांत एक पथ्य पाळतात. संकटातल्या सशासारखा आवाज काढणारी शिट्टी त्यांच्याजवळ असते. ती ऐकून कोयोट जवळ येतो. पण टेहळणी करताना ते ही शिट्टी वाजवत नाहीत. एकदा फसलेला कोयोट दुसऱ्या वेळी त्या आवाजाला सहसा येत नाही. मोजायला गेलेल्या माणसाने आपल्या मोजण्यानेच प्राण्याची वागणूक बदलू नये, हा धडा शास्त्रज्ञांनाही लागू आहे.

एक वर्तुळ, एक वास

आता १९७२ च्या त्या पाहणीकडे वळू. तिची रीत इतकी साधी आहे की तुम्हालाही करता येईल. मातीच्या रस्त्याच्या कडेला सुमारे एक यार्ड व्यासाचे वर्तुळ आखायचे. त्यातील गवत व खडे काढून बारीक चाळलेली माती पसरायची. मधोमध एक छोटी प्लास्टिकची कुपी ठेवायची, तिला भोके, आणि आत आंबवलेल्या अंड्याचा पदार्थ. आपल्याला नाक दाबावे लागेल असा तो वास कोयोटाला मात्र 'काय आहे बरे हे?' असे वाटायला लावतो. तो हुंगायला येतो, आणि मऊ मातीवर आपली सही करून जातो. याला आपण गंधठाणे म्हणू.

अशी ५० ठाणी एका ओळीत, दर ०.३ मैलावर एक. म्हणजे एक ओळ जवळजवळ १५ मैलांची. पाच दिवस रोज सकाळी प्रत्येक ठाणे पाहायचे, कोणाचे ठसे आहेत ते लिहायचे, माती पुन्हा सारखी करायची. अशा शेकडो ओळी दर सप्टेंबरात मांडल्या जात. १९८१ पर्यंत ही पाहणी दर वर्षी झाली.

हिशेब कसा करायचा ते एका काल्पनिक उदाहरणाने पाहू. ५० ठाणी × ५ रात्री = २५० 'ठाणे-रात्री'. समजा, १० वेळा पावसाने वा गुरांनी ठाणे मोडले. ती वजा केली, राहिल्या २४०. त्यांपैकी २४ वेळा कोयोटाचे ठसे दिसले. तर

२४ ÷ २४० × १००० = १००

हा झाला त्या ओळीचा निर्देशांक. आता नीट लक्ष द्या: निर्देशांक १०० याचा अर्थ तेथे १०० कोयोट आहेत असा मुळीच नाही! एकच कोयोट एका रात्रीत चार ठाण्यांवर सही करू शकतो. आणि दहा कोयोट शेजारून जातील, पण हुंगायला थांबणार नाहीत. डॉक्टर नाडीचे ठोके मोजतात तेव्हा शरीरात रक्त किती लिटर आहे हे त्यांना कळत नाही. पण कालच्यापेक्षा आज नाडी जलद आहे, एवढे नक्की कळते. निर्देशांकाचे तसेच आहे. तीच ओळ, तोच महिना, तोच वास, तेवढ्याच रात्री, असे सगळे सारखे ठेवले तर यंदाचा आकडा गेल्या वर्षीच्या आकड्याशी ताडून पाहता येतो. यांतले काहीही बदलले की तुलना संपली. मेमध्ये मोजलेला निर्देशांक सप्टेंबरच्या निर्देशांकाशी ताडणे म्हणजे उन्हाळ्यातली विहीर आणि श्रावणातली विहीर यांची तुलना करून 'यंदा पाणी वाढले' असे म्हणणे.

आणखी एक खोच आहे. ती पुढे रेडिओ-पट्ट्यांमुळे उघडकीस आली. कोयोटाच्या गळ्यात छोटा रेडिओ-प्रेषक बांधला की तो कुठे जातो हे दूर बसून समजते. त्यावरून दिसले की कोयोटांत दोन जाती आहेत. अर्थात 'जाती' हा शब्द येथे मी सैल अर्थाने वापरतो आहे. एक जमीनदार: नर-मादीची जोडी आणि तिचे कुटुंब, यांची स्वतःची हद्द असते आणि ती ते राखतात. दुसरे उपरे: ज्यांना हद्द नाही असे, बहुतेक तरुण, जे इतरांच्या हद्दींच्या कडेकडेने मोठ्या मुलखात भटकतात. शिकागो शहर व आसपास २००० सालापासून स्टॅन्ली गेर्ट आणि त्यांचे सहकारी अशा पट्ट्या बांधून कोयोटांचा अभ्यास करत आहेत. तेथे तर रेल्वेमार्ग, स्मशानभूमी आणि उद्याने यांच्या आधाराने भर शहरात कोयोट हद्दी करून राहतात, आणि माणसांची वर्दळ टाळण्यासाठी मुख्यतः रात्री हिंडतात.

तर खोच अशी की, आपल्या हद्दीत अचानक आलेल्या नव्या वस्तूला कोयोट बिचकतो. आपल्या अंगणातला प्रत्येक दगड त्याच्या ओळखीचा असतो. काल नसलेली गोष्ट आज दिसली की तो लांबूनच वळसा घालतो. परक्या मुलखात मात्र सगळेच नवे, म्हणून तो नव्या वस्तूजवळही जातो. याचा परिणाम? गंधठाण्यावर आणि सापळ्यातही उपरे अधिक सापडतात, आणि जे खरे पिले वाढवणारे जमीनदार ते हिशेबातून निसटतात. मेंढपाळांच्या दृष्टीने हे विशेष महत्त्वाचे आहे. पिलांची तोंडे भरायची असल्याने कोकरांवर धाड घालणारे बहुधा हेच जोडपे असते!

विष्ठेतील हजेरीपट

मग खरी संख्या कळणारच नाही काय? कळते, पण मेहनत पडते. प्रत्येक विष्ठेबरोबर प्राण्याच्या आतड्यातील काही पेशी बाहेर येतात. त्या पेशींतील डीएनए तपासला की विष्ठा कोणत्या एका प्राण्याची, हे ओळखता येते. लॉस एंजेलिसजवळच्या सांता मोनिका डोंगरात असा प्रयोग झाला आणि तो १९९९ साली प्रसिद्ध झाला. शास्त्रज्ञांनी कोयोटाच्या ११५ विष्ठांचा डीएनए तपासला. त्या ३० वेगवेगळ्या कोयोटांच्या निघाल्या.

मग कोयोट ३० च होते का? नाही. येथे थोडी युक्ती आहे. पिशवीत पुष्कळ रंगांच्या गोट्या आहेत, पण रंग किती ते ठाऊक नाही, असे समजा. एक गोटी काढा, रंग लिहा, परत टाका, पुन्हा काढा. सुरुवातीला दर वेळी नवा रंग येतो. हळूहळू तेच तेच रंग येऊ लागतात आणि नवा रंग क्वचित दिसतो. नवे रंग किती वेगाने आटत गेले, यावरून पिशवीत एकूण रंग किती असावेत याचा अंदाज गणिताने बांधता येतो. या रीतीने त्या भागात सुमारे ३८ कोयोट असावेत असे उत्तर आले. ज्यांना कोणी पकडले नाही आणि जे कदाचित कोणाच्या दृष्टीसही पडले नाहीत, असे ३८ प्राणी!

मारले तरी कमी का होत नाहीत?

इतकी वर्षे मोजून हाती काय लागले? सर्वांत मोठी गोष्ट ही की, कोयोटांची संख्या मुख्यतः बंदुकीने ठरत नाही, अन्न आणि जागा यांनी ठरते.

युटा आणि आयडाहो या राज्यांच्या सीमेवर कर्ल्यू खोरे आहे. तेथे १९६० च्या दशकापासून कोयोट आणि जॅकरॅबिट या लांब कानांच्या सशांची संख्या बरोबरीने अभ्यासली गेली. (नावात 'रॅबिट' असले तरी हा बिळात राहणारा ससा नव्हे, आपल्या माळरानावरचा ससा याच्याच गोत्यातला.) सुमारे दहा वर्षांच्या फेऱ्याने हे ससे खूप वाढतात आणि एकदम घटतात. ससे वाढले की त्यांच्या पाठोपाठ कोयोट वाढले, ससे घटले की कोयोटही घटले.

१९७२ साली फ्रेडरिक नोल्टन यांनी टेक्सासमधील आकडे मांडले. जेथे कोयोट फारसे मारले जात नव्हते आणि दाटी होती, तेथे एका मादीला सरासरी ४.३ पिले होत. जेथे जोरात मारले जात होते, तेथे ६.९! दाटी कमी झाली, प्रत्येकीला अन्न अधिक मिळाले, आणि पिलावळ वाढली. शिवाय जमीनदार जोडी मारली गेली की तिची हद्द रिकामी राहत नाही. कोणी उपरा टपलेलाच असतो.

यातील गणित सोपे करून पाहू. आकडे काल्पनिक आहेत. समजा, एका मुलखात मार्चमध्ये १०० कोयोट आहेत. २५ माद्या व्याल्या, प्रत्येकीला ६ पिले, म्हणजे १५० पिले. त्यांतील निम्मी पानगळीपर्यंत रोगाने, उपासाने वा शत्रूंनी मेली. ऑक्टोबरमध्ये झाले १७५. पण मुलखात हिवाळाभर पुरेल इतके अन्न व जागा १०० जणांनाच आहे. शिकाऱ्यांनी ५० मारले, तर उरलेल्या १२५ मधून २५ हिवाळ्यात मरतील किंवा निघून जातील. शिकाऱ्यांनी एकही मारला नाही, तर ७५ मरतील किंवा निघून जातील. दोन्ही वेळा मार्चमध्ये पुन्हा १००! टेहळणीला गेलेल्या शिकाऱ्याला ऑक्टोबरमध्ये १७५ दिसले म्हणून 'कोयोट फार माजलेत' असे वाटते. पण त्यांतले पुष्कळसे तसेही वसंत ऋतू पाहणार नसतात. प्रत्यक्षात हिशेब इतका चोख जुळत नाही, आणि मारण्याचे प्रमाण फार वाढवले तर संख्या घटतेच. पण ते प्रमाण किती मोठे असावे लागते? कॅलिफोर्निया विद्यापीठातील गाय कॉनोली आणि विल्यम लाँगहर्स्ट यांनी १९७५ साली गणिती प्रतिरूप मांडून दाखवले की, दर वर्षी चारांतले तीन कोयोट मारले तरी ते संपायला पन्नासाहून अधिक वर्षे लागतील.

जे बंदुकीला जमले नाही ते लांडग्याला काही अंशी जमले. यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात १९९५ साली लांडगे पुन्हा आणून सोडले, तेव्हा उद्यानाच्या उत्तर भागातील कोयोट काही वर्षांत जवळजवळ निम्म्यावर आले. लांडगे कोयोटांना मारतात हे खरेच. पण मुख्य म्हणजे ते जागाच अडवतात, आणि हंगाम संपला म्हणून घरी जात नाहीत.

चुकीच्या मोजणीची किंमत

तुम्ही म्हणाल, अमेरिकेतल्या कोयोटाशी आपला काय संबंध? आपल्याकडे तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे. संबंध आहे तो मोजण्याच्या रीतीशी. आपल्याकडे वाघांची गणना त्याच वर्षी, १९७२ साली, प्रथम देशभर झाली, आणि पुढे तीस-बत्तीस वर्षे ती पाऊलठशांवरूनच होत राहिली. काचेवर ठशाची बाह्यरेषा काढायची आणि 'हा अमुक वाघ' असे ठरवायचे, अशी ती रीत. पण ठसा माती ओली की कोरडी, वाघ चालत होता की धावत होता, यावर बदलतो. एका वाघाचे दोन झाले तर कोणाला कळणार? राजस्थानातील सरिस्का अभयारण्यात कागदावर डझनाहून अधिक वाघ दाखवले जात होते. २००५ साली कसून शोध घेतला तेव्हा तेथे एकही वाघ उरलेला नव्हता. चोरट्या शिकाऱ्यांनी ते मारले होते आणि मोजणीला पत्ता लागला नव्हता. त्यानंतर रीत बदलली. आता आपोआप छायाचित्र घेणारे कॅमेरे लावून, प्रत्येक वाघाच्या अंगावरचे वेगळे पट्टे पाहून मोजणी होते. कोयोटाच्या अंगावर पट्टे नसल्याने त्याच्या मोजणीत ही सोय नाही, म्हणून तर विष्ठेतील डीएनएपर्यंत जावे लागले.

करून पाहा

शाळेच्या मैदानाच्या कडेला किंवा शेताच्या बांधाजवळ, मोठ्या माणसांना सांगून, संध्याकाळी एक मीटर व्यासाची दहा वर्तुळे आखा. दोन वर्तुळांत निदान पन्नास पावलांचे अंतर ठेवा. बारीक चाळलेली माती पसरून हाताने सारखी करा. मधोमध सुकटीचा छोटासा तुकडा कापडात बांधून, खुंटीला घट्ट अडकवून ठेवा, म्हणजे तो कोणी पळवून नेणार नाही. सकाळी उजाडताच जा. कुत्रा, मांजर, मुंगूस, घूस, कावळा यांचे ठसे वेगळे ओळखता येतात का पाहा. प्रत्येक ठशाचे पट्टीने माप घेऊन वहीत चित्र काढा. पाऊस, वारा आणि चांदणे यांची नोंद करायला विसरू नका.

आणि आता एक उदाहरण तुमच्यासाठी. रमेशने ऑक्टोबरमध्ये ३० ठाणी ४ रात्री मांडली. पहिल्या रात्री पाऊस झाला आणि तीसच्या तीस ठाणी धुऊन गेली. उरलेल्या रात्रींत ९ वेळा मुंगसाचे ठसे मिळाले. पुढच्या वर्षी मे महिन्यात त्याने तीच ३० ठाणी ४ रात्री मांडली. पाऊस नव्हता, आणि ६ वेळा मुंगसाचे ठसे मिळाले. दोन्ही निर्देशांक काढा. मुंगसे निम्मी झाली असे रमेश म्हणतो. त्याला तुम्ही काय सांगाल?